पेवात उतरणारा एक, सांगणारा दुसरा

कथा लिहिते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, सुचतं कसं हो तुम्हाला? आता सुचायला काय, मी सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब बघते, हळद, गूळ, बेदाणा, सकाळपासून शेतकरी, व्यापारी, हमाल, तोलाईवाले, टेम्पोवाले, एकेकाच्या तोंडून एवढं ऐकायला मिळतं की संध्याकाळी घरी जाताना डोक्यात दोन-चार गोष्टी फिरतच असतात. घोडं अडतं ते त्याच्या पुढं. ही गोष्ट सांगणार कोण? सुरू कुठनं करायची? माणसं पुस्तकातल्यासारखी बोलणार का यार्डातल्यासारखी? माहिती किती घालायची? ओळखीची माणसं घेतली तर उद्या दुकानात बसायचं कसं? याच्यावर वाचायला भरपूर मिळतं, लेखनाच्या कार्यशाळा पण असतात, पण ते वाचताना सगळं पटतं आणि स्वतःचं पान समोर आलं की त्यातलं काहीच आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकासाठी कथा लिहिली तेव्हा हे सगळे प्रश्न एकदमच गळ्यात पडले, ते कसे कसे सुटले (काही सुटले नाहीत) तेवढं सांगते.

पावसाळ्यातच का, तर हळदीचा सीझन. जानेवारी-फेब्रुवारीला नवी हळद यायला लागते, पार मे महिन्यापर्यंत मान वर करायला सवड नसते. रोज लिहायला बसा, सकाळी पाचला उठून लिहा हे सल्ले ज्यांनी दिलेत त्यांनी कधी मार्चमध्ये अडत दुकानाचा हिशेब लावलेला नसणार. दिवाळी अंकवाले साधारण जून-जुलैमध्ये कथा मागतात आणि माझं काम तेव्हाच हलकं होतं, हा निव्वळ योगायोग, पण त्याच्यावर माझं सगळं लेखन चाललंय.

कथा होती हरिपूरच्या पेवाची. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, हरिपूर म्हणजे सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेचा संगम आहे तिथलं गाव. तिथल्या मातीत हळद साठवायला खड्डे खणलेले असायचे, त्यालाच पेव म्हणतात, तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, आत पोट मोठं, वीस-पंचवीस फूट खोल. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. व्यापारी भाव येईपर्यंत माल तिथं ठेवायचे. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली बरीच पेवं गेली. माझी गोष्ट एवढीच, की एक शेठ भाव वाढायची वाट बघत पेव उपसत नाही, नदी चढत चाललीय, आणि बापू नावाचा म्हातारा हमाल त्याला सांगतोय की तळाला ओल आलीय. बस. एका ओळीत सांगितली की सगळ्यांना आवडायची. लिहायला घेतली की मरायची.

पहिला खर्डा सगळ्यांच्या डोक्यात शिरून लिहिलेला. शेठला काय वाटतंय ते ठाऊक, बापूला काय वाटतंय ते ठाऊक, शेठच्या बायकोच्या मनातलं ठाऊक, एका ठिकाणी नदीला काय वाटतंय ते पण होतं. याला सर्वसाक्षी निवेदक म्हणतात आणि तो वाईट असतो असं काही नाही, पिढ्यान् पिढ्यांची कादंबरी असली तर त्याच्याशिवाय चालत पण नाही. पण दहा-बारा पानांत सगळ्यांची मनं उघडी टाकली की वाचणाऱ्याला काय काम उरतं? शेठ पेव उपसणार का नाही याच्यावर तर अख्खी कथा उभी, आणि दुसऱ्याच पानावर शेठच्या डोक्यात जाऊन निवेदक सांगून मोकळा, की याच्या मनात तसलं काही नाही. संपली की कथा तिथंच.

मग बापूला बोलायला लावलं, पहिल्या पुरुषात, मी अमुक मी तमुक असं. बापूचा आवाज लगेच सापडला, रोज ऐकते तोच आवाज, पानं भराभर झाली. पण तिथं वेगळंच लक्षात आलं. बापूला पेवाचं सगळं माहीत आहे, आणि ज्याला सगळं माहीत असतं तो ते सांगत बसत नाही. पेवात उतरताना बापू म्हणणार, "उतरलो." संपला विषय. तिथला अंधार, हळदीचा घशात बसणारा वास, भिंतीला हात लावून चाचपडणं, हे त्याला रोजचं, त्याच्या तोंडून मी ते वदवायला लागले की बापू गेला आणि पाहुण्यांना गाव दाखवणारा गाईड आला. त्याला गप्प ठेवावं तर पेव काय असतं तेच वाचणाऱ्याला कळेना. बरं, सबंध कथा बोलीत म्हणजे विदर्भातला नाहीतर खानदेशातला वाचक किती पानं दम धरणार हा पण प्रश्न होताच.

यावर जुना उपाय असतो, की बाहेरचं पाहुणं माणूस आणायचं. पुण्यातनं आलेली नवी सून, शहरातला भाचा, तो विचारतो हे काय ते काय आणि त्याला सगळे समजावून सांगतात. मला तो प्रकार आवडत नाही. असल्या भाच्याला कथेत दुसरं कामच नसतं, प्रश्न विचारतो आणि बसतो.

शेवटी दुकानातला दिवाणजी पुढं आला. म्हणजे तो आधीपासून कथेत होता, कोपऱ्यात वही घेऊन, त्याच्याकडं माझंच लक्ष नव्हतं. या माणसाला वहीतलं सगळं माहीत, कुणाची किती पोती, कुठल्या पेवात, कधी घातली, भाव काय होता, शेठवर बँकेचं किती आहे. पण जन्मात कधी पेवात उतरलेला नाही, कोंडल्या जागेची भीती वाटते त्याला. म्हणजे आत काय आहे हे त्याला फक्त बापूच्या तोंडून कळणार. बापू वर येऊन सांगतो ओल आलीय. शेठ म्हणतो कसली ओल, त्याला उपसायची हमाली पाहिजे म्हणून बोलतोय. दिवाणजी मधोमध. कुणाचं खरं मानायचं? आत उतरून बघायची हिंमत नाही आणि न बघता वहीत लिहायचं काय?

हे बसलं आणि बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप मार्गी लागले. निवेदक ठरवताना आपण विचार करतो की कुणाला जास्तीत जास्त माहीत आहे, त्याच्याकडनं सांगून घेऊ. मला तर आता उलटं वाटतं, ज्याला नेमकी महत्त्वाची गोष्ट माहीत नाही आणि ती माहीत नसल्यानं ज्याचं अडतंय, तो माणूस शोधावा. वर्णन किती करायचं, माहिती किती द्यायची, भाषा कुठली, सगळं त्याच्याकडनंच ठरतं.

यातनं एक कामाची सवय लागली ती सांगते. खर्डा प्रिंट काढायचा, मोबाईलवर नाही, कागदावर, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारायचं, हे दिवाणजीला कसं कळलं? उत्तर आलं नाही तर वाक्य जातं. "शेठच्या काळजात धस्स झालं" हे दिवाणजीला कसं कळणार? त्याला काय दिसतं? शेठनी पानाचा डबा उघडला, सुपारी न घेताच बंद केला, परत उघडला. हे दिसतं. भावना सांगू नका, दाखवा म्हणतात ते शेकडो वेळा वाचलेलं असतं, पण कधी दाखवायची आणि कधी सरळ सांगून पुढं जायचं हे कुणी सांगत नाही. माझ्यापुरतं ठरलंय ते असं, की सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मनातलं सरळ सांगायचं, दुसऱ्याच्या मनातलं दिसेल ऐकू येईल तेवढंच. दिवाणजी सरळ म्हणतो, "मला भीती वाटत होती." त्याला कशाला हातबित थरथरवायला लावायचे?

आता काळ. खरं तर मनात २०१९ चा पूर होता. तो अंगावरनं गेलाय. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, इशारा पातळी ४० आणि धोक्याची ४५ आहे, त्यावरनं अंदाज करा. आम्ही विश्रामबागला नातेवाइकांकडं होतो. लिहायला बसलं की कथा व्हायचीच नाही, नुसती गाऱ्हाण्यांची यादी व्हायची, कुणी फोन उचलला नाही, कुणी पाणी दिलं नाही, घरात चिखल किती होता. दुसरं म्हणजे त्याच पुरात ब्रह्मनाळजवळ बोट उलटली आणि माणसं गेली. त्यांच्या घरची माणसं इथंच पलूस तालुक्यात आहेत, दिवाळी अंक त्यांच्याही हातात पडू शकतो. त्यांच्यावर जे कोसळलं ते मी माझ्या कथेचा शेवट रंगवायला वापरायचं? कायदा अडवत नाही, साहित्यात चालतं सगळं, असं मला लोकांनी सांगितलं, असेलही चालत. मला ते लिहवलं नाही. पुढं कधी कुणी लिहील, कदाचित त्या घरातलंच कुणी.

तसंही पेवाची गोष्ट म्हटल्यावर २००५ च लागत होतं, २०१९ पर्यंत पेवं राहिलीच होती किती. पण काळ मागं नेला की सगळं तपासायला लागतं. व्हॉट्सॲप २००९ ला आलं, म्हणजे माझ्या कथेत मेसेज नाही, व्हिडिओ नाही, अफवासुद्धा पायी चालत येणार. मग पाणी किती चढलं हे दुकानात कळणार कसं? कुणीतरी पुलापाशी जाऊन बघून येणार. या एका गोष्टीनं कथेला पाय फुटले. बापूच पुलापाशी जाऊन येतो, प्रत्येक वेळी येताना आकडा घेऊन येतो, आणि शेठ तो आकडा ऐकून दुसरंच काहीतरी बोलतो. मोबाईल असता तर हे सगळं एका नोटिफिकेशनमध्ये उरकलं असतं.

त्या आकड्यांची एक गंमत आहे. सांगलीत पुराच्या दिवसांत "किती आहे?" एवढंच विचारतात, पुढं काय फूट का इंच विचारायला लागत नाही. बेचाळीस म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात काय होतं ते इथल्याला समजवायला नको. पण नागपूरच्या वाचकाला बेचाळीस म्हणजे काय? कंस करून लिहू, की इशारा पातळी अमुक धोका पातळी तमुक? दिवाणजी असला कंस कशाला टाकेल? मग माणसांकडनं करून घेतलं. बापू चाळीस म्हणतो तेव्हा शेजारच्या दुकानात माल माळ्यावर चढायला लागतो. त्रेचाळीसला नदीकाठच्या गल्लीतला माणूस म्हातारीला रिक्षात घालून विश्रामबागला निघतो. पंचेचाळीस कुणी मोठ्यानं म्हणतच नाही. वाचकाला पातळ्या पाठ नसल्या तरी काही बिघडत नाही, माणसं काय उचलायला लागली त्यावरनं त्याला कळतं.

माहितीसाठी हरिपूरला गेले होते. एक आजोबा भेटले, उमेदीत पेवाचं काम केलेले, पारावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यातली एक गोष्ट मला माहीत नव्हती. पेव उघडलं की लगेच कुणी आत जात नाही. बंद जागेत महिनोन् महिने माल पडलेला असतो, प्राणवायू संपत आलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाला बसलेला असतो, गेला माणूस आत की गेला. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, थांबायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा, विझला तर परत थांबायचं. आजोबा शांतपणे म्हणाले, "घाई केलेली माणसं न्हाईत आता सांगायला." हे वाक्य मी कथेत घेतलं नाही, फार तयार वाक्य आहे ते, कथेत आलं की लेखिकेनं बसवलेलं वाटतं. खऱ्या माणसानं खरंच म्हटलेलं वाक्य कथेत खोटं वाटू शकतं, हा अनुभव ज्यांनी लिहिलंय त्यांना असणारच.

घरी येऊन सगळं उतरवलं. माती कसली, तोंड कसं बांधतात, आत पाला-चटया कशा लावतात, उपसताना पोती वर कशी ओढतात. पानंच्या पानं. आणि सगळं कथेत घालायचा मोह! एवढं ऊन्हातान्हात जाऊन आणलंय तर वापरायला नको? माझी एक मैत्रीण आहे, तिला वाचायला दिलं तर म्हणाली, "अगं, मधली चार पानं गेल्यावर शेठ कोण तेच विसरले मी." खरं होतं. मग चाळणी लावली, माहिती कुणाचं तरी काम अडवते का? अडवत असेल तर राहील. मातीचा प्रकार कुणाचं काही अडवत नव्हता, गेला. कंदील राहिला, कारण कंदील विझला की सगळ्यांना थांबायला लागतं. आणि हे थांबणं म्हणजे मला घबाडच मिळालं. शेठ, बापू, दिवाणजी आणि दोन हमाल पेवाच्या तोंडाशी बसलेत, हवा खेळायची वाट बघत, कुठं जाता येत नाही, दुसरं काही करता येत नाही. मग तंबाखू मळत बोलणारच की. माझ्या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तिथं झालं. कुठल्याही धंद्यात अशा सक्तीच्या रिकाम्या वेळा असतात, वजनकाट्यावर ट्रकची रांग, सौद्याआधीचा चहा, संवाद टाकायला त्याच्यासारखी जागा नाही. नाहीतर नवीन लेखकांची माणसं सारखी खिडकीत उभी राहून बोलत असतात.

संवादाचं काम मैत्रिणीनं करून घेतलं. ती हौशी नाटकात काम करते. सांगलीत नाटकवालं माणूस शोधावं लागत नाही म्हणा, १८४३ ला मराठी नाटकाचा पहिला प्रयोग इथं झाला तेव्हापासून हा रोग गावात आहे. तिनं अट घातली, मोठ्यानं वाचायचं, ती शेठ, मी बापू. माझं आधीचं असं होतं:

"शेठ, पाणी वाढायला लागलंय. पेव उपसायला पाहिजे."

"अजून भाव वाढणार आहे बापू. चार दिवस थांबू."

वाचून झाल्यावर म्हणाली, यात काही चुकलेलं नाही पण मला करायला काय आहे यात? विचारलं, उत्तर दिलं, संपलं. घाबरलेला माणूस विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो का कधी? त्यावर बरीच खटपट करून हे झालं:

"शेठ, पुलापाशी जाऊन आलो."

"गूळ उतरवून झाला का?"

"बेचाळीस हाय."

"चहा सांग सगळ्यांना."

यात भावाचं नाव नाही, पेवाचं नाव नाही, आणि शेठनं नाही म्हटल्याचं सगळ्यांना कळतं. ती हे वाचताना आपसूक दुसरीकडं बघायला लागली, तेव्हा म्हटलं जमलं. मोठ्यानं वाचण्याचा दुसरा फायदा म्हणजे जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य कागदी असतं, डोळ्यांना ते कळत नाही. "त्याचप्रमाणे" असा शब्द बापूच्या तोंडात सापडला मला एका ठिकाणी. बापू आणि त्याचप्रमाणे!

बोलीचं पण ठरवायला लागलं. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत ही मराठीतली जुनी वहिवाट, सोयीची आहे, पण त्यात एक खोच असते, की सांगणारा शहाणा आणि बोलणारे गावंढळ असं आपोआप दिसायला लागतं. माझा दिवाणजी मॅट्रिक झालेला, वहीत शुद्ध लिहिणारा पण घरी बोलताना "हाय" म्हणणारा. त्याचं निवेदन मी मधलं ठेवलं, वाक्यं सांगलीच्या वळणाची, शब्द बहुतेक सगळ्यांना कळतील असे. आणि हाय-न्हाय सगळीकडं लावत बसले नाही. दर शब्द उच्चाराप्रमाणं मोडून लिहिला की वाचणाऱ्याचं लक्ष माणसावरनं उडून स्पेलिंगवर जातं. दोन-चार खुणा नेमक्या ठिकाणी ठेवल्या की बाकीचं वाचकाचा कान भरून काढतो.

यावरनं संपादकांशी थोडी खडाजंगी झाली. बापूची बायको म्हणते, "मी येतो उद्या, भाकरी बांधून देतो." प्रूफात ते "येते, देते" होऊन आलं. आता आमच्याकडं कोल्हापूर-सांगली भागात बायका असंच बोलतात, मी येतो, मी गेलो, माझी आजी जन्मभर तसंच बोलली, मी स्वतः चिडले की तसंच बोलते. फोन केला तर संपादक म्हणाले, ताई, वाचक म्हणतील छपाईची चूक आहे, पत्रं येतात आम्हाला. त्यांचं पण बरोबर, अंक सगळ्या महाराष्ट्रात जातो. मग मी कथेतच आधी एक वाक्य टाकलं, तिच्या तोंडी सलग अशी तीन क्रियापदं एकापाठोपाठ, म्हणजे चूक एकदा होईल, तीनदा कशी होईल? ते त्यांना पटलं, राहिलं.

खऱ्या माणसांचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. अडत दुकानात नोकरी आणि कथेत हट्टी शेठ, कोण म्हणेल हा दुसरा कुणी आहे? मी नाव बदललं, पण नाव बदलून काही होत नाही, माणूस ओळखला जातो सवयीवरनं. मग शेठ तुकड्यातुकड्यानं बनवला. बोलायची पद्धत शाळेतल्या एका गुरुजींची, पानाचा डबा लांबच्या काकांचा, पैशाची भीती माझी स्वतःची. तुकडे एकत्र बसवताना मात्र तो माणूस वेगळाच होत गेला, शेवटी शेवटी त्याची कीव यायला लागली मला, जे खर्डा सुरू करताना डोक्यात पण नव्हतं. वाईट माणूस म्हणून धरलेला, पण कर्ज कळल्यावर तसा ठेवता येईना.

अंक आल्यावर आमच्या मालकांनी वाचला. दोन दिवस काही बोलले नाहीत, माझा जीव टांगणीला, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कथा बरी हाय, पण तो शेठ कोण ओ? लई चिकट माणूस." आणि गणपती पेठेत कापडाचं दुकान असलेले एक नातेवाईक, ज्यांचा हळदीशी संबंध फक्त आमटीपुरता, ते लग्नात भेटल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, माझ्यावरच लिहिलंस न्हवं ते? मला वाटतं हे आपल्या हातात नसतंच.

सुरुवातीबद्दल थोडक्यात. पुराच्या कथेची सुरुवात पावसानं होते, सगळ्यांचीच, संततधार वगैरे. ती पानं सरळ काढली. आता कथा सुरू होते तेव्हा शेठ म्हणतो, "राहू दे अजून आठ दिवस." कशाला राहू दे, काय राहू दे, ते नंतर कळतं. निर्णय टाळायला जिथं सुरुवात होते तिथनं कथा सुरू केली, पाऊस नंतर येतोच आहे. भूतकाळ का वर्तमानकाळ यावर पण लोक फार डोकं लावतात, दिवाणजी आठवून सांगतोय म्हणून मी भूतकाळ धरला, विषय मिटला.

शेवटानं मात्र घाम काढला. एका खर्ड्यात दिवाणजी शेवटी धीर करून पेवात उतरतो. मैत्रिणीला हे भयंकर आवडलेलं, भीतीवर मात वगैरे. मला पटेना. पाणी शिरलेल्या पेवात कोण उतरेल आणि कशाला? भीती वाटणारा माणूस कथेच्या शेवटी शूर झालाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? दुसऱ्या एका शेवटात शेठ ढसाढसा रडत होता, तो तर माझ्याच्यानं दुसऱ्यांदा वाचवला नाही. मग विचार केला, हा माणूस वहीवाला आहे, याची परीक्षा वहीतच होणार. पूर ओसरल्यावर शेठ त्याला सांगतो, माल पुराच्या आधीच उपसला होता असं दाखव, तारीख मागची टाक, बँकेचं बघायचंय. म्हणजे जे डोळ्यांनी कधी पाहिलं नाही त्याच्याबद्दल सहीनिशी लिहायचं. दिवाणजी वही उघडतो आणि विचारतो, "किती पोती लिहू?" तिथं थांबले. तो लिहितो का नाही हे मला माहीत आहे, पण सांगणारा तो आहे आणि त्यानं तिथंच गप्प बसायचं ठरवलंय. काही वाचकांनी विचारलं शेवट छापायचा राहिला का. राहिला असं वाटणारे काही असणार, त्यांना खूश करायला गेलं तर बाकीच्यांचं जातं.

लिहून झाल्यावरचं काम कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अंकवाल्यांना आधी विचारा फाईल युनिकोडमध्ये चालेल का श्रीलिपीत पाहिजे. युनिकोडवरनं दुसऱ्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडं होतात, म्हणून सोबत पीडीएफ जोडायची, म्हणजे मूळ काय होतं ते त्यांना दिसतं. शब्दमर्यादा पण आधी विचारा. मला शेवटी बरंच कापायला लागलं आणि कापताना नवीन शहाणपण आलं, की परिच्छेदाचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा काढलं तरी चालतं, ते आपण वाचकाला समजलं का बघायला टाकलेलं असतं. मानधनाचं विचारू नका, अंकाच्या दोन प्रती आल्या, एक हरिपूरच्या आजोबांना दिली. त्यांनी चष्मा लावून कंदिलाचा भाग तेवढा वाचला आणि दोरी कुठली वापरायचे ते घातलं नाहीस म्हणाले.

आता लोक म्हणतात याची कादंबरी कर. एवढ्याशा गोष्टीची कादंबरी केली तर ती पातळ होणार, त्यापेक्षा दुसरी कथा घेतलीय, तासगावकडची, बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांची. सांगणारी कोण ते अजून सापडलेलं नाही. मुकादमीण धरून बघितली, तिला सगळंच माहीत आहे. शेडमालकाची शाळेत जाणारी मुलगी धरली तर तिला काहीच कळत नाही. बायकांना शेडवर ने-आण करणारा टेम्पोवाला आहे एक, तो सकाळ-संध्याकाळ त्यांचं बोलणं ऐकतो, पण अर्धवट, इंजिनच्या आवाजात. बहुतेक तोच.